डिझेलचे पाप, ब्रेक्झिटच्या माथी

घरात चूल पेटेनाशी झाली की दोष कुणाला द्यायचा, हे पुष्कळदा त्या घरातील थोरांच्या सोयीवर ठरते. ओली लाकडे कुणी आणली, हे कुणी विचारत नाही. फुंकर घालून जिचे डोळे लाल झाले, त्या सुनेलाच बोल लावला जातो. ब्रिटनमधील मोटारींच्या घटत्या खपाची जी मीमांसा गेली काही वर्षे जगाला ऐकविली जात आहे, ती नेमकी याच जातीची आहे.

२३ जून २०१६ रोजी झालेल्या सार्वमतात ब्रिटनच्या ५१.९ टक्के मतदारांनी युरोपीय महासंघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. त्याच वर्षी त्या देशात २६ लाख ९२ हजारांहून अधिक नव्या मोटारींची नोंदणी झाली होती. तो उच्चांक होता. पुढे उतरण लागली. २०१७ साली २५ लाख ४० हजार, २०१८ साली २३ लाख ६७ हजार, २०१९ साली २३ लाख ११ हजार अशी ही उतरती भाजणी आहे. त्यानंतर कोरोनाची महामारी आणि मागोमाग सुट्या इलेक्ट्रॉनिक भागांची टंचाई आली व २०२२ साली हा आकडा १६ लाख १४ हजारांपर्यंत घसरला. २०२४ साली तो साडेएकोणीस लाखांवर आला खरा; पण आठ वर्षांपूर्वीचा टप्पा त्याही वर्षी सात लाखांहून अधिक अंतरावर राहिला.

या घसरणीचा अर्थ लावण्यास लंडनच्या विद्वज्जनांना वेळ लागला नाही. अडाणी मतदाराने भावनेच्या भरात महासंघाशी काडीमोड घेतला, बाजाराचा विश्वास उडाला आणि मोटारी खपेनाशा झाल्या, असा निवाडा झाला. आपल्याकडील इंग्रजी वृत्तपत्रांनीही तो शब्दशः शिरोधार्य मानला. राष्ट्रीय स्वत्वाचा उच्चार करणारा सामान्य मनुष्य स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, हा सिद्धान्त या मंडळींना फार प्रिय आहे. ब्रिटनच्या मोटारबाजाराचे उदाहरण त्यांना आयतेच सापडले. म्हणूनच हे प्रकरण आपणही मुळापासून तपासले पाहिजे.

आकडे काय बोलतात?

सार्वमताच्या धास्तीने ग्राहकाने हात आखडता घेतला असता, तर तो सर्वच गाड्यांच्या बाबतीत घेतला असता. धास्ती काही इंधन पाहून येत नाही. प्रत्यक्षात काय घडले? २०१६ साली ब्रिटनमध्ये डिझेलच्या सुमारे १२ लाख ८५ हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. २०१९ साली त्यांची संख्या ५ लाख ८३ हजारांवर आली. म्हणजे तीन वर्षांत डिझेलच्या सात लाख गाड्या कमी झाल्या. याच तीन वर्षांत एकूण बाजार घटला तो मात्र ३ लाख ८१ हजारांनी. डिझेलची तूट एकूण तुटीच्या जवळजवळ दुप्पट आहे. आणि पेट्रोलच्या गाड्या? त्या १३ लाख १९ हजारांवरून १४ लाख ९८ हजारांपर्यंत वाढल्या!

याचा अर्थ स्पष्ट आहे. डिझेलचा ग्राहक डिझेलपासून पळाला. त्यांपैकी काहींनी पेट्रोलची गाडी घेतली, काही विजेच्या वा संकरित गाड्यांकडे वळले, आणि उरलेल्यांनी 'जुनीच गाडी आणखी दोन वर्षे चालवू' असे ठरविले. या उरलेल्यांच्या मनात सार्वमतानंतरची अनिश्चितता मुळीच नव्हती, असे आमचे म्हणणे नाही. पण रोगाचे मूळ एकीकडे आणि लेप दुसरीकडे, असा प्रकार येथे झाला आहे.

दुसरेही एक कारण ध्यानात घेतले पाहिजे. २०१६ सालचा तो उच्चांक कमावलेल्या संपत्तीचा नव्हता. ब्रिटनमध्ये खासगी ग्राहक नवी गाडी घेतात ती पाचांपैकी चाराहून अधिक वेळा कर्जाऊ. दरमहा हप्ता भरायचा, तीन-चार वर्षांनी गाडी परत करायची अथवा मोठी रक्कम भरून ठेवून घ्यायची, नाहीतर पुन्हा नव्या गाडीचा नवा हप्ता सुरू करायचा, असा हा व्यवहार आहे. ऋण काढून सण साजरा करणाऱ्या बाजाराला कधीतरी उतार लागणारच. गाडी परत करण्याच्या वेळी तिला काय किंमत येईल, यावर हा सारा डोलारा उभा असतो. डिझेलची पत घसरताच त्या डोलाऱ्याचाच एक खांब हलला.

सरकारनेच दिलेली दीक्षा

आता प्रश्न उरतो तो असा, की हे डिझेल ब्रिटिश कुटुंबाच्या दारात आणले कुणी?

१९९७ च्या क्योटो करारानंतर कर्बवायूचे उत्सर्जन घटविण्याचा ध्यास युरोपला लागला. १९९८ साली युरोपीय आयोग आणि तेथील मोटार उत्पादकांच्या संघटनेत समझोता झाला. नव्या गाड्यांचे सरासरी उत्सर्जन २००८ पर्यंत किलोमीटरमागे १४० ग्रॅमवर आणावयाचे, असे त्यात ठरले. डिझेलचे इंजिन त्याच अंतराला कमी इंधन जाळते, म्हणून कर्बवायूही कमी सोडते. युरोपीय कारखानदारांचा हातखंडाही डिझेलमध्येच होता. लक्ष्य ठरले आणि त्याबरोबर मार्गही ठरून गेला.

ब्रिटनमध्ये त्या वेळी टोनी ब्लेअर यांच्या मजूर पक्षाचे सरकार होते आणि गॉर्डन ब्राऊन अर्थमंत्री होते. २००१ पासून नव्या मोटारींवरील वार्षिक वाहनकर कर्बवायूच्या प्रमाणात आकारण्यात येऊ लागला आणि पुढच्याच वर्षी कंपनीकडून मिळणाऱ्या गाड्यांवरील करालाही तीच कसोटी लागली. डिझेल घ्या, कर वाचवा आणि पृथ्वीही वाचवा, हा त्यातून निघणारा संदेश शाळामास्तरापासून सुतारापर्यंत सर्वांना समजला. २००१ साली नव्या मोटारींत डिझेलचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी होता. २०१२ साली तो निम्म्यावर गेला. ही किमया मतदाराच्या अडाणीपणाची नव्हे. त्याने सरकारचे ऐकले, एवढाच त्याचा अपराध.

डिझेलच्या धुरातील नायट्रोजनची ऑक्साइडे आणि काजळीचे सूक्ष्म कण फुफ्फुसाला घातक असतात, ही गोष्ट त्या वेळीही अज्ञात नव्हती. परंतु तज्ज्ञांच्या तागडीत एका बाजूला पृथ्वीचे तापमान होते आणि दुसऱ्या बाजूला शहरातील मुलाचा श्वास. त्यांनी तागडी कुठे झुकविली, ते दिसतेच आहे. मनुष्याचा समग्र विचार न करता त्याच्या जीवनाचा एकच तुकडा उचलायचा आणि त्यावर संपूर्ण नीती रचायची, ही पाश्चात्त्य विचारपद्धतीची जुनी खोड आहे. पं. दीनदयाळजींनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले, ते या खंडित दृष्टीलाच उत्तर म्हणून. कर्बवायू मोजणाऱ्या यंत्राला माणूस दिसत नाही. तो दिसावा लागतो धोरण आखणाऱ्याला.

उपरती आणि तिची वसुली

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने फोक्सवॅगन या जर्मन कंपनीचे बिंग फोडले. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारी आणि रस्त्यावर येताच मूळपदावर जाणारी संगणकीय युक्ती तिच्या डिझेल गाड्यांत बसविलेली होती. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत ही लबाडी होती आणि त्यांपैकी सुमारे १२ लाख ब्रिटनमध्ये होत्या. नियमांची कागदोपत्री कडक अशी ख्याती असलेल्या युरोपात इतकी वर्षे हे कुणाच्याच लक्षात आले नाही! त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने हवेच्या शुद्धतेसाठी नव्या योजना आखण्याचा आदेश सरकारला दिला होता. उभय बाजूंनी कोंडी झाल्यावर राज्यकर्त्यांना उपरती झाली.

उपरतीबद्दल तक्रार नाही. लंडनमधील एका वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची दमेकरी मुलगी २०१३ साली मरण पावली. तिच्या मृत्यूस हवेचे प्रदूषण कारणीभूत ठरले, असा निर्णय तेथील मृत्युचौकशी अधिकाऱ्याने डिसेंबर २०२० मध्ये दिला. ब्रिटनमध्ये असा निर्णय प्रथमच झाला. त्या आईच्या दुःखापुढे मोटार उद्योगाचा कोणताही युक्तिवाद फिका आहे. डिझेलचा धूर निरुपद्रवी आहे, असे कुणी म्हणत असेल तर तो एक तर अज्ञानी आहे किंवा विक्रेता.

आमचा प्रश्न एवढाच आहे, की प्रायश्चित्त कुणी घ्यायचे? करसवलतीचे आमिष दाखविणाऱ्यांपैकी कुणाच्या खिशाला झळ लागल्याचे ऐकिवात नाही. झळ लागली ती गाडीच्या मालकाला. २०१७ च्या नोव्हेंबरातील अर्थसंकल्पात हुजूर पक्षाच्या सरकारने नव्या डिझेल गाड्यांवरील पहिल्या वर्षाचा कर पुढील एप्रिलपासून एका पायरीने वाढविला. रस्त्यावरील नव्या कठोर चाचणीत उतरणाऱ्या गाड्यांना सूट होती. पण त्या चाचणीत उतरलेली गाडी त्या वेळी बाजारात जवळजवळ नव्हतीच. ८ एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये जुन्या निकषांच्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड शुल्क लागू झाले. पेट्रोलची तेरा वर्षांची जुनी गाडी तेथे बहुधा फुकट फिरू शकते आणि २०१४ साली कर वाचविण्यासाठी घेतलेली डिझेलची गाडी पाचव्याच वर्षी दंडाला पात्र ठरते, असा हा न्याय! ऑगस्ट २०२३ पासून हे क्षेत्र साऱ्या लंडनभर पसरले. श्रीमंताने गाडी बदलली. अवजारांची पेटी घेऊन दारोदार जाणारा नळकारागीर आणि रात्रपाळीहून परतणारी परिचारिका कुठे जाणार?

त्यातच धोरणाचा लंबक. पेट्रोल व डिझेलच्या नव्या गाड्यांची विक्री २०४० पासून बंद, असे २०१७ साली जाहीर झाले. नोव्हेंबर २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांनी ते साल २०३० वर आणले. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या ऋषी सुनक यांनी ते २०३५ वर नेले. २०२४ साली सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने पुन्हा २०३० ची घोषणा केली आणि संकरित गाड्यांना २०३५ पर्यंत मुभा दिली. आज घेतलेल्या गाडीला उद्या किंमत राहील की नाही, हे सरकारलाच ठाऊक नसेल, तर संसारी माणूस काय करील? तो वाट पाहील. त्यालाच पंडितांनी 'ग्राहकाचा विश्वास उडाला' असे नाव दिले आणि ते बिल ब्रेक्झिटच्या नावे फाडले.

ब्रेक्झिटचा खरा वाटा

आता ब्रेक्झिटचा वाटा. तो होता, आणि तो लपविण्याचे कारण नाही. सार्वमताच्या निकालासरशी पौंड कोसळला. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या दहा नव्या गाड्यांपैकी आठाहून अधिक आयात होतात. तेव्हा चलन पडले की गाडी महागणारच. उलटपक्षी तेथे बनणाऱ्या दहांपैकी सुमारे आठ गाड्या निर्यात होतात आणि त्यांतील मोठा हिस्सा युरोपात जातो. एकेका इंजिनाचे भाग खाडी ओलांडून अनेकदा ये-जा करतात. जकातीचे काय होणार हे २४ डिसेंबर २०२० रोजी व्यापार करार होईपर्यंत अधांतरी होते. या साडेचार वर्षांत नवी गुंतवणूक आटली. २०१६ साली १७ लाख २० हजारांच्या घरात असलेले मोटारींचे उत्पादन २०१९ मध्ये १३ लाखांवर आले आणि २०२४ साली तर आठ लाखांच्याही खाली गेले.

परंतु येथेच खरी गोम आहे. एका राष्ट्राने स्वतंत्र होण्याचे ठरविताच त्याचा उद्योग थरथर का कापू लागतो? कारण तो उद्योग त्याचा उरलेलाच नव्हता. जिच्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आपली अॅम्बॅसडर घडली, त्या ब्रिटिश मोटारसृष्टीची नावे एकेक करून विकली गेली. रोल्स-रॉईस आणि मिनी बीएमडब्ल्यूकडे, बेंटली फोक्सवॅगनकडे. एमजी रोव्हर २००५ साली बुडाली आणि एमजी हे नाव चिन्यांच्या हाती गेले. मालक कोणत्याही देशाचा असला तरी चालतो, रोजगार मिळाला म्हणजे झाले, हा मुक्त बाजाराचा महामंत्र तेथे दोन पिढ्या जपला गेला. मग स्विंडनच्या ५४ टक्क्यांहून अधिक मतदारांनी महासंघातून बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले तेव्हा त्यांच्या गावच्या कारखान्याचे भवितव्य मात्र टोकियोत ठरत होते. होंडाने फेब्रुवारी २०१९ मध्ये तो बंद करण्याची घोषणा केली आणि जुलै २०२१ मध्ये त्याला टाळे लागले. सुमारे साडेतीन हजार नोकऱ्या गेल्या. ब्रेक्झिट हे कारण नाही, विजेच्या गाड्यांकडे वळण्यासाठी जगभरची फेरमांडणी करीत आहोत, असे कंपनीने सांगितले. ते खरे मानले तरी निष्कर्ष तोच राहतो, की निर्णय स्विंडनचा नव्हता आणि लंडनचाही नव्हता.

लोकमान्यांच्या चतुःसूत्रीत स्वराज्याच्या शेजारी स्वदेशी का आहे, याचे याहून बोलके भाष्य कोणते? स्वदेशीविना स्वराज्य म्हणजे किल्ली आपल्या हाती आणि घर दुसऱ्याच्या नावावर. ब्रिटनच्या मतदाराची चूक झालीच असेल तर ती स्वराज्य मागण्यात झाली नाही. त्याच्या आधीच्या चाळीस वर्षांत त्याच्या राज्यकर्त्यांनी स्वदेशी विकून टाकली होती, आणि ती परत मागण्याचे भान कुणी ठेवले नाही.

पिंपरीपासून सोलिहलपर्यंत

या कथेत आपणही प्रेक्षक नाही. टाटा मोटर्सने २००८ साली फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरना विकत घेतले. ज्यांनी आपल्यावर राज्य केले त्यांच्या मानाच्या गाड्या आपल्या मालकीच्या झाल्या, म्हणून घराघरांत आनंद झाला आणि तो रास्तही होता. पण या गाड्यांचा जीव डिझेलमध्ये होता. डिझेलची पत गेली, त्यात चीनमधील मागणी मंदावली, आणि सोलिहल व कॅसल ब्रॉमविचच्या कारखान्यांना खोकला झाला. जानेवारी २०१९ मध्ये साडेचार हजार नोकऱ्या कमी करण्याचे कंपनीने जाहीर केले. पुढच्याच महिन्यात टाटा मोटर्सने एका तिमाहीत सुमारे २७ हजार कोटी रुपयांचा तोटा दाखविला. भारतीय उद्योगाच्या इतिहासात तोवर एवढा तिमाही तोटा कुणी पाहिला नव्हता. ब्रसेल्स आणि लंडनमधील तज्ज्ञांच्या धरसोडीची किंमत भारतीय भागधारकाने अशी मोजली.

तरीही टाटा पळाले नाहीत. जुलै २०२३ मध्ये इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात चार अब्ज पौंडांचा विद्युतघटांचा कारखाना उभारण्याचे त्यांनी जाहीर केले. याचा आपल्याला अभिमान वाटावा. मात्र साहेबाची फजिती झाली म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांना आमचे नम्र सांगणे आहे, की स्विंडनचा कामगार आपला शत्रू नाही. ज्या वादळात त्याचे छप्पर उडाले, तेच वादळ आपल्याही दिशेने येत आहे.

आपल्या अंगणात

कारण आपणही त्याच वाटेने चाललो होतो. २०१२ च्या सुमारास आपल्याकडे पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे सुमारे तीस रुपयांचे अंतर होते. शेतकऱ्याच्या नावे दिलेल्या अनुदानावर शहरातील धनिकांच्या आलिशान गाड्या धावत होत्या आणि नव्या प्रवासी गाड्यांत डिझेलचे प्रमाण निम्म्याहून पुढे गेले होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये मोदी सरकारने डिझेलचे दर नियंत्रणमुक्त केले आणि एप्रिल २०२० पासून पाचवी पायरी ओलांडून थेट सहावा भारत मानक लागू केला. ही पावले धाडसाची होती आणि ती आधी सांगून टाकली, हे त्यांचे विशेष.

पण सर्वत्र असे घडलेले नाही. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना इंधनच न देण्याचा आदेश निघाला आणि लोकक्षोभामुळे काही दिवसांतच त्याची अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली. गाडीचा धूर न तपासता तिचे वय पाहून निकाल द्यायचा, हा लंडनचाच कित्ता. राज्य आपल्या विचारांचे असले म्हणून चुकीचे धोरण बरोबर ठरत नाही. स्वयंसेवकाने हे आधी आपल्या माणसांना सांगितले पाहिजे.

त्याहून गंभीर गोष्ट पुढे आहे. आज विजेची गाडी हे नवे डिझेल आहे. तीच करसवलत, तोच पृथ्वी वाचविण्याचा संदेश आणि एकाच यंत्रावर ठेवलेली तीच आंधळी भिस्त. वीज कोळशाची की उन्हाची, हा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न विद्युतघट आणि चुंबक कुणाचे, हा आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने दुर्मीळ मृदा धातूंच्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि आपल्या वाहन कारखानदारांची झोप उडाली. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तेथील गाड्यांवरील शंभर टक्क्यांच्या वरची जकात ठरावीक संख्येपुरती टप्प्याटप्प्याने दहा टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे ठरले आहे. दारे उघडण्यास विरोध नाही. दारे उघडण्यापूर्वी घरात आपले असे काही असावे लागते, एवढेच.

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९९१ साली स्वदेशी जागरण मंचाची उभारणी केली तेव्हा त्यांना कालबाह्य म्हणून हिणविण्यात आले. विदेशी वस्तूची होळी एवढाच स्वदेशीचा अर्थ लावणाऱ्यांना ते उमजणे शक्यच नव्हते. आपल्या गरजा आपण ठरवाव्यात, त्यांची तंत्रे आपण घडवावीत आणि चूक झाली तर तिचे प्रायश्चित्त चूक करणाऱ्याने घ्यावे, दुर्बळाने नव्हे, हा स्वदेशीचा गाभा आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात इंजिनाचे लहानमोठे भाग घडविणारे शेकडो लघुउद्योजक आहेत. त्यांच्या लेथयंत्रावर उद्या कोणता भाग चढणार, हे त्यांना आज कळले पाहिजे. लंडनच्या लंबकासारखे दर तीन वर्षांनी साल बदलून चालणार नाही.

म्हणून, नवी गाडी घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने तिचा हप्ता किती, एवढे विचारून थांबू नये. तिचे हृदय कुठे घडले, तिचे भाग कोण पुरवितो आणि हे धोरण दहा वर्षे टिकेल याची हमी कोण देतो, हेही विचारावे. ब्रिटनच्या मतदाराला हे प्रश्न विचारण्यास कुणी शिकविले नाही. मग चूल विझली तेव्हा दोष त्याच्याच पदरी आला. आपल्या घरची लाकडे ओली आहेत की सुकी, हे चूल पेटविण्यापूर्वीच पाहून घ्यावे, यातच शहाणपण आहे.